मदत हवी आहे : रुंद टायरच्या सायकलला काढता-घालता येणारं मडगार्ड

हिंगणा_फेरी :
कोणीतरी लवकर सांगा. रोज सायकलने एमआयडीसीत जातो. पाऊस लागल्यापासून पाठीवर आणि लॅपटॉपच्या बॅगेवर चिखलाचा पट्टा उठून राहिला. सीटच्या दांड्याला अडकवायचं मडगार्ड आणलं तर टायरला घासतं. दुकानदार म्हणतो सगळ्या सायकलींना बसतं. रविवारी गोरेवाड्याकडे कच्च्यात जातो, तेव्हा ते नको असतं, म्हणून काढता येणारंच पाहिजे. टायर रुंद आहे. कोणतं घेऊ?

चाकोरी :
रुंद म्हणजे किती? टायरच्या बाजूवर २९ x २.२५ किंवा ५७-६२२ असा आकडा असतो. त्यातला ५७ म्हणजे मिलिमीटरमध्ये रुंदी. मडगार्ड त्यापेक्षा ८-१० मिमी तरी जास्त रुंद हवं, नाहीतर पाणी दोन्ही बाजूंनी उडतच राहील. आणि घासतं नेमकं कुठे, कडेला की वरून?

हिंगणा_फेरी :
एमटीबी आहे, म्हणजे माउंटन बाइक, नेहमीचीच. घासतं म्हणजे घासतं. मॉडेल सांगा ना भाऊ, उद्या पुन्हा पाऊस आहे.

विदर्भ_पेडल :
मॉडेलच्या मागे कशाला लागता? तेलाचा पाच लिटरचा प्लास्टिकचा डबा उभा कापा, कडा मेणबत्तीवर शेकून गोल करा, चार भोकं पाडा आणि झिप टायने, म्हणजे ओढून आवळायच्या प्लास्टिकच्या पट्टीने, बांधा. माझं दोन पावसाळे टिकलं. झिप टाय कापली की निघालं.

चाकोरी :
रविवारी कापायच्या आणि सोमवारी नव्या बांधायच्या, हे रोजच्या माणसाला जमत नाही. वेल्क्रो किंवा रबरी पट्ट्याचंच घ्यावं. पट्ट्याखाली जुन्या ट्यूबचा तुकडा ठेवा, नाहीतर चिखलाची कणी अडकून फ्रेमचा रंग खरवडून निघतो.

धरमपेठ७ :
मुळात ऑफिसला एवढे जाड टायर हवेत कशाला? १.७५ इंच रुंदीचे गुळगुळीत टायर टाका, साधं मडगार्ड बसेल आणि सायकलही पळेल.

विदर्भ_पेडल :
नको ना बाप्पा! सिमेंट रस्त्याच्या कडेला मुरुमात उतरावं लागतं, तिथे बारीक टायर सटकतो. रिम रुंद असली तर बारीक टायर नीट बसतही नाही.

धरमपेठ७ :
मी पावसाळाभर त्याच कडेने जातो, एकदाही सटकलो नाही. खरा त्रास सिमेंट रस्ते उंच केल्याचा आहे. गल्लीतलं पाणी जायला जागाच ठेवली नाही.

पहाटफेरी :
पावसात चेनला घट्ट तेल लावा. पातळ तेल एका सरीत धुऊन जातं. चेन आधी कापडाने कोरडी करा, मग प्रत्येक कडीवर एक थेंब.

हिंगणा_फेरी :
चेनचं मी विचारलंच नाही. आत्ता खाली जाऊन पाहिलं. २६ x २.१० लिहिलंय, खाली ५४-५५९. कडेला नाही घासत. गतिरोधकावर आदळलं की वरून घासतं. मागे धक्के झेलणारा शॉक आहे ना, म्हणून तर घेतली होती.

चाकोरी :
हे पहिल्यांदाच सांगायचं होतं! मागे शॉक असला की दाबाने चाक वर येतं, पण सीटच्या दांड्यावरचं मडगार्ड जागचं हलत नाही. मग ते घासणारच, रुंदीचा काही संबंध नाही. दोन मार्ग आहेत. एक, तेच मडगार्ड वर उचला. जाड माणसाला बसवून शॉक पूर्ण दाबायला लावा, तेव्हाही टायर आणि मडगार्डमध्ये दोन बोटं राहिली पाहिजेत. पण जितकं वर न्याल तितकं पाणी जास्त पसरतं, म्हणून लांब आणि ६५ मिमीच्या आसपास रुंद हवं. दुसरं, चाकासोबत हलणाऱ्या मागच्या दांड्यांना पट्ट्याने बांधायचं छोटं मडगार्ड. ते चाकाबरोबर वर-खाली होतं. पण आखूड असेल तर बॅग वाचणार नाही. तुमच्यासाठी पहिलं.

विदर्भ_पेडल :
फट जास्तच ठेवा. आपली काळी माती टायरला धरली की त्या फटीत गोळा होते आणि चाक जाम होतं. मग काडीने उकरत बसा. रविवारी काढून ठेवता तेच बरोबर.

हिंगणा_फेरी :
वर उचललं तर खड्ड्यात बाजूला फिरतं, ते कसं थांबवू?

चाकोरी :
दांडा गोल आहे, पकड सुटते. दांड्यावर ट्यूबचा एक वेढा द्या आणि त्यावर क्लॅम्प आवळा. तरी फिरलं तर क्लॅम्पच त्या जाडीच्या दांड्याचा नाही. नवीन घेताना सायकल घेऊन दुकानात जा, बसवून, वर बसून दाबून पाहा, मगच पैसे द्या.

पहाटफेरी :
पुढच्या चाकाचं काय? बूट तर तिथल्याच पाण्याने भिजतात.