युद्धकाळातील जस्त, पोलाद आणि कथलाची नाणी : संग्रहाची सुरुवात कोठून करावी?

कोकणकडा
माझे आजोबा मुंबई बंदरात कारकून होते. गेल्या महिन्यात रत्नागिरीच्या घरी माळा आवरताना त्यांच्या पानाच्या डब्यात तीन नाणी सापडली : १९४३ सालचा भोकाचा पैसा, त्याच वर्षाची पिवळी चौकोनी चवली (दोन आण्यांचे नाणे) आणि लिंकनचा चेहरा असलेला एक राखाडी अमेरिकन सेंट. सेंट तांब्याचा असतो असे ऐकून होतो, त्यामुळे हा राखाडी कसा, याचा शोध घेता घेता दुसऱ्या महायुद्धातील धातुटंचाईच्या विषयात शिरलो आणि आता याच विषयाचा संग्रह करावा असे मनाने घेतले आहे. सुरुवातीला पाच हजार रुपयांच्या आत खर्च करण्याची तयारी आहे. पहिली खरेदी कोणती करावी, बनावट नाणे कसे ओळखावे आणि कोकणातील पावसाळ्यात ही नाणी कशी सांभाळावीत, याविषयी जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे. आईने चवली चिंचेने घासून लख्ख केली आहे, हेही सांगून ठेवतो.

जुनी टांकसाळ
चवलीचे जे व्हायचे ते झाले. उरलेल्या दोन नाण्यांपासून चिंच दूर ठेवावी. संग्रहाची आखणी देशांनुसार करू नये, असे मी आग्रहाने सुचवेन. कोणत्या धातूची चणचण पडली आणि त्याच्या जागी काय वापरले, या क्रमाने नाणी लावली तर थोड्या नाण्यांतही विषय उभा राहतो.

त्या दृष्टीने तुमची सुरुवात घरातच झालेली आहे. भोकाचा पैसा १९४३ ते १९४७ या काळात निघाला. आधीचा पाव आणा पावणेपाच ग्रॅमच्या थोडा वर होता, तर त्याच किमतीचा हा पैसा सुमारे दोन ग्रॅमचा. धातू कांस्यच राहिला, पण मधला भाग काढून तांबे वाचवले आणि राजाचा चेहरा जाऊन केवळ मुकुट उरला. लोकांनी हा पैसा वॉशर म्हणूनही वापरला. तुमची चवली पिवळी आहे, कारण निकेल युद्धसाहित्याकडे वळल्यामुळे १९४२ ते १९४५ या वर्षांत अर्धा आणा, आणा आणि चवली ही एरवी पांढरी असणारी नाणी निकेल-पितळेत पाडली गेली. चांदीचीही तीच गत झाली : रुपयातील चांदी १९४० पासून ९१.७ टक्क्यांवरून ५० टक्क्यांवर आली. म्हणून पहिली खरेदी म्हणून निकेल-पितळेचा आणा आणि अर्ध्या चांदीची एखादी पावली (चार आण्यांचे नाणे) घ्यावी. पावलीवर इंग्रजी एल हे अक्षर मिळाले तर उत्तमच; ती १९४३ साली सुरू झालेल्या लाहोरच्या टांकसाळीची खूण आहे.

आता सेंटविषयी. अमेरिकेने १९४३ साली तांबे दारूगोळ्यासाठी राखून ठेवले आणि जस्ताचा मुलामा दिलेल्या पोलादावर शंभर कोटींहून अधिक सेंट पाडले. त्यामुळे हा सेंट दुर्मीळ नाही. तो भिंगाखाली आडवा धरून त्याची कड पाहावी. मुलामा आधी पत्र्याला दिला जाई आणि चकत्या त्यानंतर कापल्या जात, म्हणून कडेला पोलाद उघडेच राहिले आणि गंज बहुधा तेथूनच शिरतो. आरशासारख्या चकाकणाऱ्या सेंटच्या कडेवरही जस्त दिसत असेल, तर त्याला मागाहून नवा मुलामा दिलेला आहे असे समजावे आणि त्यासाठी जास्त पैसे मोजू नयेत.

चवलीपावली
वरील सल्ल्यात एक भर घालतो. १९४३ चा ‘तांब्याचा’ सेंट म्हणून कोणी काही दाखवले, तर आधी लोहचुंबक लावावा. मागील वर्षाच्या काही कांस्य चकत्या यंत्रात राहून गेल्यामुळे असे अस्सल सेंट अगदी मोजके निघाले, आणि म्हणूनच पोलादी सेंटवर तांब्याचा मुलामा चढवून फसवणूक केली जाते. असे नाणे चुंबकाला चिकटते. चिकटले नाही तरी हुरळून जाऊ नये, कारण १९४८ च्या सेंटमधील आठाचा आकडा कोरूनही तीन करता येतो. मग वजन पाहावे : पोलादी सेंट सुमारे २.७ ग्रॅम, कांस्याचा ३.११ ग्रॅम.

जस्ताच्या नाण्यांचा मात्र मला कडू अनुभव आहे. जर्मनीने व्यापलेल्या नेदरलँड्समध्ये १९४१ पासून जस्ताची नाणी निघाली आणि आधीच्या चांदीच्या नाण्यांवरील राणी विल्हेल्मिनाचा चेहरा त्यांवरून हटवण्यात आला. त्यांपैकी दहा सेंटचे एक नाणे मी लिंबाच्या रसात बुडवले. लगेच बारीक बुडबुडे आले, आणि बाहेर काढले तेव्हा ते काळवंडलेले, वर टाचणीने टोचल्यासारखे दिसत होते. जस्तावरची पांढुरकी बुरशीसारखी पूड दिसली तर असे नाणे विकतच घेऊ नये, हे शहाणपण मला त्यानंतर आले.

टोरांटोकर
इकडे सहज मिळणारा आणि मला फार आवडणारा प्रकार म्हणजे कॅनडाचे पाच सेंटचे नाणे. निकेल वाचवण्यासाठी १९४२ साली ते टॉम्बॅकमध्ये, म्हणजे ८८ टक्के तांबे आणि १२ टक्के जस्त अशा मिश्रणात पाडले, आणि एक सेंटशी गल्लत होऊ नये म्हणून त्याला बारा कोन दिले. १९४३ पासून त्यावर विजयाचे व्ही अक्षर आले आणि कडेच्या ठिपक्या-रेघांत मोर्स लिपीतला संदेश बसवला. १९४४ आणि १९४५ साली तेच नाणे क्रोमियमचा मुलामा दिलेल्या पोलादात निघाले. ही जोडी शेजारी शेजारी ठेवून पाहावी.

जुनी टांकसाळ
कॅनडाची जोडी जरूर घ्यावी. त्यानंतर जपानचा ॲल्युमिनिअमचा एक सेन (येनचा शंभरावा भाग) आणि १९४४ चा कथील व जस्त यांच्या मिश्रणाचा एक सेन घ्यावा. ॲल्युमिनिअम विमानांना हवे होते आणि कथील आग्नेय आशियातील जिंकलेल्या प्रदेशातून येत होते, हे त्या दोन नाण्यांत दिसते. शेवटी भाजक्या मातीची नाणीही तयार झाली, परंतु ती चलनात आलीच नाहीत. त्यांच्या वाटेला आताच जाऊ नये. कथील मऊ असते, त्यामुळे त्या सेनवर ओरखडे सहज उठू शकतात.

साठवणुकीसाठी मऊ, वास येणाऱ्या पीव्हीसीच्या पिशव्या टाळाव्यात, कारण त्यांतून सुटणारे द्रव्य नाण्यावर हिरवट, चिकट थर आणते. मायलारची (पातळ पारदर्शक प्लास्टिकची) खिडकी असलेल्या पुठ्ठ्याच्या चौकटी वापराव्यात, त्या झाकण घट्ट बसणाऱ्या प्लास्टिकच्या डब्यात ठेवाव्यात आणि सोबत ओलावा शोषून रंग बदलणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या टाकाव्यात. निळे खडे गुलाबी झाले की पुडी बदलावी. तुमच्याकडे जुलैत हे वारंवार करावे लागेल. नाणे केवळ कडेला धरावे, विशेषतः घामट बोटांनी पोलादाला हात लावू नये.

कोकणकडा
सर्वांचे मनःपूर्वक आभार. सेंट चुंबकाला चिकटला, वजन काट्यावर २.६९ ग्रॅम भरले आणि कडेवर केसाएवढी तपकिरी रेघ दिसते आहे. ती खरवडावी का?

जुनी टांकसाळ
मुळीच नाही. ती कोरडी ठेवली तर बहुधा तेवढीच राहील. दर पावसाळ्यानंतर तिचे एक छायाचित्र काढून ताडून पाहत जावे.