सी ड्राइव्ह फुल, विंडोज परत मारताना डी-ई मधलं उडेल का?

नवखा_साताऱ्याचा
घरचा डेस्कटॉप आहे, आय३ चौथ्या जनरेशनचा, १ टीबी हार्ड डिस्क. घेताना दुकानवाल्याने सी ९७.६ जीबी आणि डी, ई प्रत्येकी ४१६ असं करून दिलेलं. आता सी लाल झालाय, चालू व्हायलाच पाच-सात मिनिटं घेतो, म्हणून विंडोज १० परत मारायचं म्हणतोय. दुकानात म्हणे सगळी डिस्क साफ करावी लागेल. डी मध्ये ताईच्या लग्नाचे फोटो आणि बाबांचे सातबारे स्कॅन केलेले आहेत, ई जवळपास रिकामा. सगळं उडवावंच लागतं का? आणि सी किती ठेवू?

बूट_पॉलिश
काही उडवायला लागत नाही, दुकानवाल्याला तेच सोपं पडतं म्हणून सांगतात. ९७.६ कुठून आलं माहितीय का, त्याने साइजच्या चौकटीत सरळ १००००० एमबी टाकलेत, आणि जीबी १०२४ एमबीचा असतो :) सी वाढवायचा तर त्याला लागून पुढची जागा मोकळी लागते आणि तिथे तुमचा डी बसलाय. म्हणून आधी डी मधलं सगळं ई मध्ये हलवा, मग विंडोजच्या पेनड्राइव्हवरून मशीन चालू (बूट) करून कस्टम निवडा, सी आणि डी च्या ओळी डिलीट करा, दोन्हीची मिळून ५१३ च्या आसपास अनअलोकेटेड, म्हणजे मोकळी जागा दिसेल. त्यात न्यू करून २०४८०० टाका, म्हणजे बरोबर २०० जीबीचा सी, पुरे झाला. सिस्टम रिझर्व्हडची (विंडोज चालू व्हायच्या फाइलींची) छोटी ओळ असेल तर तिला हात लावू नका. आणि हो, डेस्कटॉप, डाउनलोड्स हे सगळं सी मध्येच असतं, तेही आधी हलवा, लोक हमखास विसरतात.

दोनदा_फॉरमॅट
वरचं बरोबर आहे पण एक राहिलं. सेटअपमध्ये सी, डी, ई अशी अक्षरं दिसतच नाहीत, पार्टिशन १, २, ३ असं दिसतं, आणि तुमचे डी-ई दोन्ही ४१६ चे! माझंही असंच होतं, रात्री एक वाजता घाईत नको तीच ओळ डिलीट केली. नशीब लगेच बटण दाबून बंद केला, डिस्क काढून मित्राच्या मशीनला लावली आणि टेस्टडिस्क नावाच्या सॉफ्टवेअरने पार्टिशन परत आणलं, त्यावर काही लिहिलं गेलं नव्हतं म्हणून जमलं. तुम्ही आत्ताच ई ला राइट क्लिक करून 'ठेव' असं काही नाव द्या, सेटअपमध्ये नाव दिसतं. आणि फोटो बाहेरच्या डिस्कवर पण घ्या, ई पण त्याच डिस्कवर आहे ना, डिस्क गेली की सगळेच जाणार.

नवखा_साताऱ्याचा
फोटो मामाच्या डिस्कवर घेतले, नाव पण दिलं. पण आता सेटअप म्हणतोय ही डिस्क एमबीआर आहे, इथे विंडोज टाकता येणार नाही. अजून काही डिलीट केलं नाहीये. एका व्हिडिओत शिफ्ट एफ१० दाबून डिस्कपार्ट नावाच्या कमांडमध्ये क्लीन मारायला सांगतात, मारू का?

बूट_पॉलिश
अहो थांबा!! क्लीन एका पार्टिशनवर नाही, अख्ख्या डिस्कवर चालतं, ई पण जाईल. पेनड्राइव्ह यूईएफआय मोडमध्ये (मशीन चालू करायची नवी पद्धत) बूट झालाय, त्याला एमबीआर, म्हणजे डिस्कचे भाग मांडायची जुनी पद्धत, चालत नाही एवढंच. बूट मेनूत त्याचं नाव दोनदा येतं, ज्याच्या आधी यूईएफआय लिहिलेलं नाही ते घ्या. एकदाच येत असेल तर रूफस या पेनड्राइव्ह बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये पार्टिशन स्कीम एमबीआर ठेवून पेनड्राइव्ह परत बनवा. बाकी विंडोज १० चे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ लाच थांबलेत, तुमच्या प्रोसेसरला ११ ऑफिशियली चालत नाही, नेट बँकिंग वगैरे त्यावर नकोच.

नवखा_साताऱ्याचा
झालं! एकदाच येत होतं, रूफसनेच बनवला परत. सी २०० जीबी, ई जसाच्या तसा, सातबारे उघडून बघितले. बँकेचं मोबाइलवरच करतो. फक्त आवाज येत नाहीये, स्पीकरवर लाल फुली आहे, त्याचं काय करू?