६४ जणांचा पगार एक्सेलमधून वेब पेरोलवर (इंटरनेटवर चालणाऱ्या पगाराच्या सॉफ्टवेअरवर) न्यायचाय, सुरुवात कशी करू?

भोसरी एमआयडीसीतल्या मशीनिंग वर्कशॉपमध्ये मी अकाउंट्स बघते. पगाराची शीट माझ्या आधीच्या काकांनी बनवलेली. काका रिटायर झाले, त्यांचे मॅक्रो (एक्सेलमध्ये आपोआप चालणाऱ्या सूचना) इथेच राहिले. फाइलचं नाव 'पगार फायनल नवीन २'. यातला '२' कुठून आला ते कुणालाच ठाऊक नाही.

गेल्या महिन्यात एका नव्या ऑपरेटरचा १६ आकडी खाते क्रमांक टाकला आणि सेल टेक्स्ट करायची राहिली. एक्सेल १५ अंकच धरतं, शेवटचा ७ गेला आणि ० झाला. पगार बँकेतून परत. बिचाऱ्याचा गाडीचा हप्ता बाउन्स झाला, आणि ऐकून मी घेतलं.

व्यवसाय कराचंही तेच. एप्रिल २०२३ पासून २५,००० पर्यंत पगार असलेल्या बायकांना तो माफ आहे, पण फॉर्म्युला फक्त रक्कम बघायचा. तीन महिने आमच्या पाच जणींचे २०० कापले, त्यात माझेही!

आता मालक म्हणतात, पुढच्याच महिन्यापासून वेबवालं सुरू कर. करू?

चाकणकर यांचं उत्तर: ताई, थेट उडी नको. जानेवारी ते मार्च दोन्ही चालवा आणि एप्रिलपासून नवं. तेव्हा ईएसआयचा (कामगार विम्याचा) वर्गणी कालावधी आणि टीडीएसचं वर्ष दोन्ही नव्याने सुरू होतात. मधल्या फेब्रुवारीत व्यवसाय कर २०० ऐवजी ३०० कापतं का तेही कळेल. रुपया-रुपयाचे फरक येतील, घाबरू नका. पीएफ जवळच्या रुपयाला राउंड होतो, ईएसआय पुढच्या. आमच्या शीटमध्ये दोन्हीला एकच फॉर्म्युला होता.

'पगारपत्रक' यांचं उत्तर: डेमोत सॉफ्टवेअरवाल्यांचा नमुना बघत बसू नका, तुमचा एक ओव्हरटाइमवाला माणूस टाकायला लावा. ओव्हरटाइमवर पीएफ नाही, आणि ईएसआयची २१,००० ची पगारमर्यादा बघतानाही तो धरायचा नाही. दुसरा माणूस असा टाका की जुलैत पगारवाढ होऊन जो २१,००० च्या वर गेला. त्याचं ईएसआय कालावधी संपेपर्यंत, म्हणजे सप्टेंबरअखेर, कापलं गेलंच पाहिजे.

'रात्रपाळी' यांचं उत्तर: हजेरीचं काय? आमच्याकडे रात्री १० ला आत आणि सकाळी ६ ला बाहेर गेलेल्याचे सिस्टीमने दोन अर्धे दिवस केले. पहिल्या महिन्यात निम्मी तिसरी शिफ्ट माझ्या टेबलापाशी.

मूळ प्रश्नकर्ती: काल दोन सॉफ्टवेअरवाल्यांचे डेमो घेतले. पहिल्याने जुलैतच ईएसआय बंद केलं आणि वर म्हणाला, 'मॅडम, ते मॅन्युअली एडिट होतं.' मॅन्युअलीच करायचं तर काकांची शीट काय वाईट आहे? दुसऱ्याचं बरोबर आलं, रात्रपाळीही एकाच दिवसात धरली. मालकांकडून मार्चपर्यंत मुदत घेतलीय. खाते क्रमांक मात्र शीटमधून उचलणार नाही. उद्यापासून ६४ पासबुकं मागवतेय.