थ्रीडी आउटलायनरच्या ठिपक्यांना नाक येतं, वाळतही नाहीत – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

आम्ही वेंगुर्ल्याला असतो. यंदा गणपतीच्या मागे लावायला कार्डशीटच्या दहा गोल चकत्या करतेय, दहा अवतारांच्या. सावंतवाडीच्या गंजिफ्यावरून, म्हणजे हाताने रंगवलेल्या जुन्या पत्त्यांवरून सुचलं. दशावतारी गंजिफ्यात एकेका अवताराची 12 पानं, एकूण 120, सगळी गोल. तसं ब्रशकाम मला येत नाही, म्हणून मधे मासा, कासव, परशू अशा खुणा कापून चिकटवल्या आणि कडेने थ्रीडी आउटलायनरने, म्हणजे ट्यूबमधून दाबून काढायच्या जाड, उठावदार रंगाने, ठिपक्यांची वर्तुळं काढतेय.

तीन चकत्या झाल्या आणि अडले. ट्यूब उचलली की ठिपक्याला मोदकासारखं नाक येतं. काही ठिपके फुस्सकन फुटून मोठे होतात. आणि वाळणं तर विचारूच नका. काल सकाळी काढलेल्या ठिपक्याला आज बोट लावलं, तर दुधावर साय धरावी तसं वरून घट्ट नि आत ओलं. कासवाच्या चकतीवरची अर्धी ओळ पुसटली. कागद 180 जीएसएमचा आहे (जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन, जास्त तितका सहसा जाड), तोही कडेने वळलाय. बाहेर पाऊस थांबत नाही. हेअर ड्रायर चालेल का? चतुर्थीला तीन आठवडे उरलेत, कृपया सांगा.

प्रतिसाद 1
ताई, ड्रायरची गरम हवा नको, ठिपके फुगतात, बुडबुडे येतात. हा रंग पाण्यातला, पाणी उडालं की घट्ट होतो, आणि आपल्याकडे पावसात हवाच ओली. चकत्या आडव्या ठेवून लांबून पंखा लावा. मोठ्या ठिपक्याला पूर्ण दिवस द्या, झडीत दोनही लागतात. ठिपके लहान काढलेत तर निम्मा त्रास वाचेल. उरलेल्या सातांना 250-300 जीएसएम घ्या.

नाकाचं म्हणाल, तर आपण दाबता दाबताच ट्यूब उचलतो. दाब आधी सोडा, टोक ठिपक्यात किंचित गोल फिरवा, मग उचला. तरी आलंच तर लगेच ओलसर टूथपिकने टेकवा किंवा चकतीला खालून हलकी टिचकी मारा, रंग ओला असताना आपसूक बसतो.

प्रतिसाद 2
फुस्स होतं ते आतल्या हवेमुळे. ट्यूब रात्रभर झाकण खाली करून पेल्यात उभी ठेवा, दरवेळी पहिले चार ठिपके रद्दीवर काढा. आणि आतल्या वर्तुळापासून बाहेर या, मनगट ओल्यावर टेकत नाही. वाळल्यावरही चकत्या एकावर एक रचू नका, दमट हवेत चिकटतात. मधे बटर पेपर घाला.

धागाकर्ती
खूप खूप आभार! दाब सोडून उचलायचं आत्ताच रद्दीवर करून पाहिलं, वीसातले सतरा गोल आले. कासवाची चकती मात्र टाकवत नाही हो, तिचं काय करू?

प्रतिसाद 1
ओली असताना पुसू नका, कागदाचे तंतू निघतात. पूर्ण वाळू दे, मग ब्लेडच्या टोकाने फसलेले ठिपके अलगद उचला. खाली डाग राहिलाच तर त्याच जागी थोडा मोठा ठिपका द्या.