बोर्दोच्या लाल वाइनमध्ये अनेक द्राक्षे कशासाठी?

प्रश्न: फ्रान्समधील बोर्दो प्रदेशाची लाल वाइन एकाच द्राक्षाची न करता दोन-तीन जाती मिसळून का करतात आणि त्यांतली मुख्य जात कोणती, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद १: बाग नदीच्या कोणत्या काठावर आहे त्यावर मुख्य जात ठरते. डाव्या काठावरील मेदोक भागाच्या जमिनीत गोटे फार आहेत. ते दिवसा तापतात, रात्री वेलींना ऊब देतात, आणि म्हणूनच उशिरा पिकणारे काबेर्ने सोव्हिन्यों तेथे नीट तयार होते. त्याचे मणी लहान आणि साल जाड असल्याने वाइनला गडद रंग व तुरटपणा येतो. उजव्या काठावर, विशेषतः पोमरोलच्या थंड चिकणमातीत, लवकर पिकणारे मऊ चवीचे मेर्लो अधिक. मिश्रणाचे मूळ कारण मात्र मला हवामानात दिसते: वसंतातील कडाक्याच्या थंडीने मेर्लोचे कोंब करपले तरी उशिरा फुटणारे काबेर्ने बऱ्याचदा वाचते, आणि काढणीच्या तोंडावर पाऊस लागला तर आधीच उतरवलेले मेर्लो हाताशी असते.

प्रतिसाद २: काबेर्ने फ्रां या जातीला विसरू नये, काबेर्ने सोव्हिन्यों हे त्याचे आणि सोव्हिन्यों ब्लांचे अपत्य आहे. पती व्हेर्दो ही जात चिमूटभरच लागते. १९५६ च्या हिमकडाक्यात तिथल्या माल्बेक द्राक्षाच्या बागा मोठ्या प्रमाणावर गेल्या, आणि बोर्दोतून जवळजवळ नाहीसे झालेले कार्मेनेर द्राक्ष १९९४ साली चिलीत मेर्लो म्हणून वाढताना ओळखले गेले, ही गोष्ट मला आजही विलक्षण वाटते.

प्रश्नकर्ता: मनःपूर्वक आभार. काठाचा मुद्दा मला अजिबात ठाऊक नव्हता.