तान्ह्या पोळ्याच्या बैलासारखी गाडी, चाकं कोणती लावू?

प्रश्न: भाऊ, आम्ही चार पोट्टे मिळून बिनइंजिनची, उतारावरून पळणारी गाडी बनवून राहिलो, वरून थर्माकोलचा नंदी, तान्ह्या पोळ्याला पोरं चाकांवरचा लाकडी बैल घेऊन फिरतात ना, तसा. भंगारातून सायकलची चाकं आणली, चालतील का?

उत्तर १: सरळ उतारावर चालतील, वळणावर नाही. सायकल वळताना झुकते म्हणून स्पोकवर आडवा जोर येत नाही, चार चाकांची गाडी झुकत नाही, मग रिम वाकते. आमची अशीच वाकली होती, फार वाईट वाटलं. छोटी, जाड रिमची चाकं घ्या, बेअरिंग साफ करून नवीन ग्रीस भरा, आणि पुढची दोन्ही चाकं एकदम समांतर आहेत का ते दोरी लावून बघाच, तिरकी असली की घासून स्पीड जातो.

उत्तर २: वजन खाली ठेवा, नंदी उंच केला तर वळणावर पलटी. अमेरिकेत अॅक्रनला १९३५ पासून पोरांची अशीच रेस होते, तीही फक्त उताराच्या जोरावर.

उत्तर ३: ब्रेक आधी, नंदी नंतर! नागपुरात सेमिनरी हिल्सच्या चालू रस्त्यावर बिलकुल नका उतरवू, परवानगी काढा, हेल्मेट घाला. रंगवायला मी येतो.