नॅरोबोटचा पहिला उन्हाळा: आधी रंग की आधी ब्लॅकिंग?

कालव्याकाठचा
नमस्कार मंडळी. मागच्या ऑक्टोबरात आम्ही दोघांनी सेकंडहँड नॅरोबोट (कालव्यात राहायची अरुंद लोखंडी बोट) घेतली, ५७ फुटी, म्हणजे इंग्लंड-वेल्समधल्या बहुतेक सगळ्या लॉकमधून (पाण्याची पातळी बदलणाऱ्या, दरवाजे असलेल्या कोठ्यांतून) जाईल अशी. सध्या ग्रँड युनियन कालव्यावर आहोत, कायमचं मूरिंग (बोट बांधायची जागा) नाही त्यामुळे दर १४ दिवसांनी जागा बदलतो. हिवाळा स्टोव्हच्या उबेत निघाला, आता दोन आठवड्यांची सुट्टी टाकली आहे. छताचा रंग पोपडे धरून सुटतोय, खिडकीच्या कडेला गंज दिसतोय, ते बघून रोज जीव खाली-वर होतो. कागदपत्रांप्रमाणे शेवटचं ब्लॅकिंग (बोटीच्या पाण्यातल्या भागाला बिट्युमेनचा, म्हणजे डांबरासारखा काळा लेप) तीन वर्षांपूर्वी झालंय. सगळं एकदम जमणार नाही, मग सुरुवात कुठून करू?

जुना नावाडी
ब्लॅकिंग. रंगाचं नंतर बघा. छत पोपडलेलं रोज डोळ्यासमोर असतं म्हणून त्याचीच काळजी वाटते, पण बोटीचं आयुष्य ठरतं ते पाण्याच्या रेषेवर, जिथे पाणी आणि हवा दोन्ही लोखंडाला लागतात, गंज तिथेच सगळ्यात जास्त खातो. बिट्युमेन साधारण दोन-तीन वर्षं टिकतं, म्हणजे तुमची मुदत झालीच. मी सुरुवातीला हीच चूक केली होती, दोन उन्हाळे रंगकामात घालवले आणि बोट बाहेर काढली तेव्हा रेषेवर इतके खड्डे पडलेले की वरून पत्रे वेल्ड करून घ्यावे लागले, ते दिवस अजून आठवतात.
आजच ड्राय डॉकला (बोट पाण्याबाहेर घेऊन काम करायची जागा) फोन करा, उन्हाळ्यात तारखा मिळत नाहीत. बोट बाहेर आली की अल्ट्रासाउंडने पत्र्याची जाडी मोजून घ्या. बऱ्याच बोटींचा तळ १० मिमी, बाजू ६ आणि केबिन ४ अशी असते, आणि हल (बोटीचं पाण्यात बसणारं धड) ४ मिमीच्या खाली गेला की बऱ्याच विमा कंपन्या हरकत घेतात. अ‍ॅनोड (स्वतः झिजून हलला गंजापासून वाचवणारे धातूचे तुकडे) झिजले असतील तर मॅग्नेशियमचेच लावा, जस्ताचे समुद्रासाठी असतात, गोड्या पाण्यात ते नीट काम करत नाहीत. आणि कोणी टू-पॅक इपॉक्सी (दोन भाग मिसळून लावायचा कडक लेप) सुचवेल, ती जास्त वर्षं टिकते हे खरं, पण जुन्या बिट्युमेनवर बसत नाही, सगळं ब्लास्ट करून (कणांच्या जोरदार माऱ्याने खरवडून) उघड्या लोखंडापर्यंत जावं लागतं.

विंडलसवाली
दादांचं म्हणणं पटतं, पण डॉकची तारीख मिळेपर्यंत हातावर हात ठेवून बसू नका. गंजाचे ठिपके आत्ताच घासून प्रायमर लावून ठेवा, पावसाळी महिन्यांत ते दुप्पट होतात. भर उन्हात रंग लावू नका हं, लोखंड इतकं तापतं की ब्रश परत फिरवेपर्यंत रंग ओढायला लागतो आणि पट्टे दिसतात. दव वाळलं की सुरू करायचं, सावलीच्या बाजूला, आणि दुपार कलायच्या आत थांबायचं, नाहीतर ओल्या रंगावर संध्याकाळचं दव बसून चकाकी जाते. टोपाथवरून (काठच्या पायवाटेवरून) एकच बाजू हाताशी येते, दुसरीसाठी वाइंडिंग होलला (बोट वळवायला रुंद ठेवलेली जागा) जाऊन बोट फिरवून परत बांधायची. घासताना खाली कापड धरा, ती धूळ पाण्यात जाऊ देऊ नका, बदकांची पिल्लं असतात आता. छताला फिकट रंगच द्या, आम्ही गडद हिरव्यावरून क्रीम केला आणि आत झोप लागायला लागली.

बिल्जपंप
दोघांनी बाहेरचं सांगितलं, मी आतलं सांगतो. स्टर्न ग्लँड (प्रोपेलरचा दांडा बोटीबाहेर जातो तिथलं सील) बघा, बोट चालू असताना थेंब-थेंब गळलं तर ठीक आहे, पण दिवस संपला की ग्रीसरला (तिथे ग्रीस ढकलणारा स्क्रू) एक फेरी देऊन गळती थांबलीच पाहिजे. उन्हाळ्यात शेवाळ-वेली प्रोपेलरला गुंडाळतात, वीड हॅच (प्रोपेलरपर्यंत हात घालायचं झाकणबंद भोक) सारखं उघडावं लागतं. आधी इंजिन बंद, किल्ली काढून खिशात, मगच हात घाला. आणि झाकण परत घट्ट बसवल्याशिवाय इंजिन सुरू करू नका, नाहीतर प्रोपेलर इंजिनच्या खोलीत पाणी फेकतो आणि बोट बुडते, अशा बोटी खरंच बुडाल्या आहेत.
डॉकला निघायच्या आधी कालवे सांभाळणाऱ्या कॅनाल अँड रिव्हर ट्रस्टच्या स्टॉपेज नोटिसा (कुठला भाग बंद आहे त्या सूचना) वाचा. २०२५ च्या उन्हाळ्यात जलाशय आटल्यामुळे लीड्स-लिव्हरपूल कालव्याचा मोठा भाग बंद होता. आणि रात्री दोर थोडे सैल ठेवा, दोन लॉकमधलं पाणी उतरलं तर ताणलेल्या दोरावर बोट एका बाजूला कलते.

कालव्याकाठचा
सगळ्यांचे मनापासून आभार. पाच ठिकाणी फोन केले, सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यातली जागा मिळाली, जाडी तिथेच मोजून देणार आहेत. तोवर टोपाथकडची बाजू सकाळी-सकाळी करतो. काल वीड हॅच उघडून बघितलं, झाकणाखालची रबराची पट्टी एका कोपऱ्यात फाटलेली निघाली. नवीन बसेपर्यंत बोट जागची हलवत नाही, १४ दिवस परवा संपतायत म्हणून ट्रस्टला कळवून मुदत मागितली आहे.